आधी नट

केरबा मिस्त्री माझ्या दुकानाच्या पायरीशी उभा होता आणि मी त्याला आत या म्हणत नव्हतो.

त्याच्याबरोबर आलेले मगदूमसाहेब मात्र आत स्टुलावर बसले होते. निपाणीचे तंबाखूचे व्यापारी, बोलायला मऊ. ते एकदा माझ्याकडे बघत होते, एकदा पायरीकडे.

"मिस्त्री, उन्हात कशाला थांबलाय? या की आत," शेवटी तेच म्हणाले.

"हितंच बरा हाय मी," केरबा म्हणाला. "काम मालकांचं हाय. माझं काय न्हाई ह्या दुकानात."

"दुकान बुडवताना बरे पाय चालत होते तुमचे," मी म्हणालो.

केरबानं रस्त्याकडे तोंड करून तंबाखूची पिंक टाकली. मगदूमसाहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं.

ही शहाण्णव सालची गोष्ट, कोल्हापूरच्या उद्यमनगरातली. आम्ही करडे, जातीचे तांबट. आजोबांनी जन्मभर बंब आणि घंगाळी ठोकली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बघितलं की घंगाळ आता कोणी घेत नाही, आणि ते तांब्याच्या नळीकडे वळले. जुन्या गाड्यांत पंपापासून कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल नेणारा बारीक पाइप असतो. तो तयार मिळत नाही. त्या त्या इंजिनाच्या मापानं, त्याच्या अंगाखांद्यावरून वळवत न्यावा लागतो. गजानन करड्यांचा पाइप म्हटलं की सांगली-बेळगावहून माणसं यायची.

अण्णांची एक खोड होती. पाइप हातात घेतला की म्हणायचे, "आधी नट." पाइपाचं टोक फुलवून पसरट करतात, त्याला आम्ही फ्लेअर म्हणतो. त्या फ्लेअरला मागून नट धरून ठेवतो. आता नट घालायचा विसरून टोक फुलवलं, तर पुढून तो जात नाही, आणि मागून घालावा तर वळणांतून सरकत नाही. मग काय, फुलवलेलं तोंड कापा, पुन्हा फुलवा, आणि पाइप तेवढा आखूड. या धंद्यात ही चूक एकदा तरी प्रत्येकाची होते. अण्णांची होत नव्हती, कारण ते दिवसातून वीस वेळा तेच म्हणायचे. आई चिडवायची, "आंघोळीला जाताना तरी आधी टॉवेल म्हणा."

चौऱ्याऐंशी साली मगदूमसाहेबांच्या वडिलांची अमेरिकन गाडी कामाला आली. आठ सिलिंडर एका रांगेत, बॉनेट इतकं लांब की वर पंगत बसावी. इंजिन केरबानं बांधलं, पाइप आमच्या दुकानातून गेले. तिसऱ्या दिवशी रंकाळ्याच्या रस्त्यावर गाडीनं पेट घेतला. केरबा गाडीतच होता. त्यानं बॉनेट उघडलं आणि जाळात हात घालून पेट्रोलचा कॉक बंद केला. गाडी निम्मी वाचली. केरबाचे हात गेले.

दवाखान्यातून सुटल्यावर तो दोन्ही हातांना पट्ट्या तशाच ठेवून उद्यमनगरात दुकानोदुकान फिरला. "करड्याचा पाइप घालशीला तर राख व्हशीला," एवढंच बोलायचा आणि पुढच्या दुकानात जायचा. सहा महिन्यांत आमच्याकडे काळं कुत्रं फिरकेना.

मी भांडायला निघालो होतो. कार्बोरेटर गळला असणार, ते काम केरबाचं, असं मी चहाच्या गाड्यावर छाती ठोकून सांगायचो. अण्णांनी मला अडवलं. "त्याचे हात जळलेत. बोलू दे त्याला." त्यांनी स्वतः कोणालाच काही उत्तर दिलं नाही. चार वर्षं स्टोव्हचे बर्नर साफ करत बसले आणि गेले. आगीनंतर 'आधी नट' म्हणणंही त्यांनी सोडलं होतं. मला वाटलं, माणूस खचलाय. त्यांच्यामागं मी स्वतःच्या नावावर पाइपाचं काम हळूहळू पुन्हा उभं केलं.

आईनं केरबाची गल्ली टाकली. आमच्या घरापासून मंडईचा सरळ रस्ता त्या गल्लीतून, पाच मिनिटांचा. आई बारा वर्षं माझ्या दुकानावरून वळसा घालून वीस मिनिटं चालत जायची. जाता-येता दुकानात टेकायची, पाणी प्यायची. कधी नाइलाजानं त्या गल्लीतून जावंच लागलं तर केरबाच्या गॅरेजसमोर थांबून थुंकायची. लपवून नाही, त्याला दिसेल अशी.

तर तो माणूस आता माझ्या पायरीशी उभा होता.

"आईचं पंचाहत्तरावं वर्ष आहे," मगदूमसाहेब सांगत होते. "याच गाडीतून ती नवरी म्हणून आली. रविवारी तिला त्यातून फिरवायचंय. मिस्त्रींनी इंजिन चालू केलंय, पण पाइप जमत नाही. दोघांकडून करून घेतला. दोन्ही गळले."

"रबरी नळी लावा."

"बारा वर्षांपूर्वी आग बघितलीय मी, करडे. रबर नको. आणि सगळे तुमचंच नाव सांगतात."

"माझं सांगतात. माझ्या बापाचं का सांगत न्हाईत, ते तुमच्या मिस्त्रींना विचारा." मी उठून पायरीशी गेलो. "पाइप करून देतो. पण पाइप बसला की गाडीसमोर उभं राहायचं आणि चार माणसांत बोलायचं. गजानन करड्यांच्या पाइपात खोट नव्हती, असं. तुमच्या तोंडानं."

केरबानं माझ्याकडे वर बघितलं. साठी ओलांडलेला माणूस, पण नजर अजून पान्ह्यासारखी पकडायची.

"जे खरं हाय ते बोलीन."

"चार माणसांत?"

"धा माणसांत बोलीन. तू आधी पाइप कर."

मी जिंकलो असं मला वाटलं. आईला मी घरी जाऊन सांगितलं तेव्हा तिनं देवासमोरचा दिवा पुढे ओढून वात वर केली.

शनिवारी सकाळी मी हत्यारं घेऊन केरबाच्या गॅरेजात गेलो. पाइप दुकानात बसून होत नाही, इंजिनासमोर उभं राहून करावा लागतो. गॅरेजात तो एकटाच होता. त्यानं मला बस म्हटलं नाही. हिशेब सरळ होता.

आधी मी जाड तारेचा नमुना केला. पंपापासून तार वर घेतली, इंजिनाच्या पुढून वळवली, पलीकडे कार्बोरेटरपर्यंत नेली. केरबा खुर्ची ओढून माझ्या पाठीशी बसला.

"त्या बिडाला लागून घिऊ नगो. धूर जातोय त्यातनं. तापतंय."

"दिसतंय मला."

"दिसत असंल तर लांबनं घे."

"मिस्त्री, तुम्ही इंजिनाचं बघा. पाइपाचं मला शिकवू नका."

"शिकवून उपेग असता तर शिकवलं असतं."

मी तार काढली आणि पुन्हा वळवली. लांबनं. तो बरोबर होता याचा मला जास्त राग आला.

दहाला चहा आला. केरबानं ग्लास उचलला तेव्हा मी पहिल्यांदा त्याचे हात जवळून बघितले. कातडी गुळगुळीत, चकचकीत. बोटं मिटत नव्हती. ग्लास त्यानं दोन्ही तळव्यांत दाबून तोंडाकडे नेला आणि थोडा चहा शर्टावर सांडला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

"काय बघालाईस?"

"काही न्हाई. स्पॅनर कसा धरता म्हटलं."

"न्हाई धरत. माणसं ठेवल्यात. मी नुसता सांगतोय. बारा वर्षं नुसता सांगतोय."

"सांगता मात्र छान. अख्ख्या उद्यमनगरला सांगितलंत."

त्यानं ग्लास खाली आपटला. "तुझ्या बापाला कधी बोललास का, अण्णा, तुम्ही उलटं उत्तर का देत न्हाई म्हणून?"

"सज्जन होते ते. तुमच्यासारखे तोंडाळ नव्हते."

"सज्जन व्हता," केरबा म्हणाला. "त्ये मातुर खरं."

अण्णांचं नाव त्याच्या तोंडात मला सहन होईना. मी पाइप घेतला. तांबं आधीच तापवून पाण्यात विझवून मऊ करून आणलं होतं. बेंडरमध्ये घालून पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं. हात चालत होते आणि तोंडही चालत होतं. अण्णा शेवटच्या दिवसांत कसे खोकायचे ते मी त्याला सांगितलं. आमच्या बहिणीचं लग्न ठरताना मुलाकडच्यांनी "आग लावणारे करडे का तुम्ही?" असं विचारलं होतं, तेही ऐकवलं. केरबा माझ्या हातांकडे बघत होता. पाच वळणं झाली. पाइप इंजिनावर धरून बघितला. पंपाशी आणि कार्बोरेटरशी दोन्ही तोंडं अशी येऊन टेकली की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

"अण्णांनी मेहनतीनं उभं केलेलं नाव," मी म्हणत होतो, "ते तुम्ही एका वाक्यात..." आणि बोलता बोलता मी पंपाकडचं टोक फुलवून, मागं नट आहे हे बघून, पाइप उलटा केला. कार्बोरेटरकडचं टोक पट्टीत आवळलं. पट्टी म्हणजे दोन लोखंडी फाळ्या, त्यांच्या मधल्या भोकात पाइप दातांनी धरून ठेवतात. वरून स्क्रू फिरवला. टोक सुबक फुललं. पट्टी सोडली.

"नट?" केरबा म्हणाला.

दुसरा नट बाकावर पडला होता.

पाच वळणं, अडीच तासांचं काम. तोंड कापलं तर पाइप अर्धं बोट आखूड होणार होता.

"तुम्हाला दिसत होता," मी म्हणालो. "मी पट्टी आवळत होतो तेव्हाच तुम्हाला दिसत होता."

"व्हय. दिसत व्हता."

"मग बोलला का न्हाई?"

"बघत व्हतो. ह्या खेपेला काय करतोस ते." तो खुर्चीतून उठला. "कापून टाक. परत फुलव. वाईच वढून लाव. गाडी चालंल. तीन दिस चालंल."

केरबा मागच्या फडताळाकडे गेला. तळव्यांनी एक पत्र्याचा डबा खाली घेतला आणि माझ्यासमोर बाकावर ठेवला. "उघड. मला झाकाण निघत न्हाई."

आत फडक्यात गुंडाळलेला पाइपाचा तुकडा होता. वीतभर, काळा पडलेला, एका टोकाला फ्लेअर आणि मागं पितळी नट. फ्लेअरच्या मानेशी केसाएवढी चीर गेली होती. मी नट मागं सरकवला. त्याच्या खाली पट्टीच्या दातांचे ठसे होते. एकावर एक, दोन वेळचे. एक ठसा दुसऱ्याच्या जरा मागं आणि जरा तिरका. हे टोक दोनदा फुलवलं होतं.

आता ती गोष्ट सांगतो जी मी इतका वेळ सांगितली नाही. बारा वर्षं स्वतःलाही सांगितली नव्हती. त्या गाडीच्या टाकीकडचे पाइप अण्णांचे. पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचा माझा. अण्णा मावसभावाच्या लग्नाला इचलकरंजीला गेले होते आणि मी बावीस वर्षांचा, मला ते परत यायच्या आत काम संपवून दाखवायचं होतं. नट विसरलो. तोंड कापलं, परत फुलवलं. पाइप अर्धं बोट आखूड पडला तो ओढून कार्बोरेटरला लावला आणि नट पिळून घट्ट केला. गाडी चालू झाली. एक थेंब गळला नाही. अण्णा आले, म्हणाले, "झाक केलंस." मी बोललो नाही. मग आग लागली आणि मी कार्बोरेटरवर बोलायला लागलो. इतकं बोललो की मला ते खरं वाटायला लागलं.

"ताणून बसवलेला पाइप," केरबा म्हणाला, "इंजिनाच्या थरथरीनं मानंतनं तुटतो. मी नट सोडवला तवा पाइप अर्धं बोट मागं सरकला. इझल्यावर. माझं हात तवा असं सोललेलं. तरी तुकडा खिशात घातला."

"अण्णांनी बघितला होता?"

"दवाखान्यात आला व्हता. त्याला दिला. त्यानं नट मागं सारला, ठसं बघितलं, दोनदा फिरवून बघितलं. म्हणाला, माझा हाय. मी म्हटलं, करड्या, तू नट इसरत न्हाईस. हे पोराचं काम हाय. तर म्हणाला, पाटी माझी हाय, मिस्त्री. नाव घ्यायचं तर माझंच घ्या."

"आणि तुम्ही घेतलं."

"घेतलं!" तो ओरडला. "माझं हात गेलं व्हतं! कुणाचं तरी नाव घेणारच व्हतो. त्यानं आपलं दिलं, मी घेतलं. गप बसलो असतो तरी चाललं असतं. न्हाई बसलो. दुकान बुडवलं त्याचं, ते माझं पाप. मी फेडीन. पण तुझी आई बारा वर्षं हितं येऊन थुकली, त्यातलं निम्मं तुझ्या वाट्याचं हाय."

मला त्याच्या अंगावर जावंसं वाटलं, मारावंसं वाटलं. हात वर झाला नाही. हातात तो तुकडा होता.

शेवटी मी पाच वळणांचा तो पाइप भंगारात टाकला. नवा घेतला. भट्टी पेटवून तापवला, विझवला. आधी दोन्ही नट घातले आणि दोऱ्यानं बांधून ठेवले. मग वळवायला सुरुवात केली. केरबा पुन्हा खुर्चीत बसला. या वेळी आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही. चार वाजता पाइप बसला, कुठेही ओढ न घेता, नुसता टेकून.

मगदूमसाहेब त्यांच्या आईला घेऊनच आले. शेजारच्या गॅरेजांतली दहा-बारा माणसं जमली. इंजिन चालू झालं. मी पाइपाच्या दोन्ही तोंडांवर कागद धरून ठेवला, ओल लागली नाही. म्हातारीनं बॉनेटवर हात ठेवला आणि ती हसली.

"हां, मिस्त्री," मगदूमसाहेब खुशीत म्हणाले, "ठरल्याप्रमाणं काय ते बोलून टाका. मिटवा एकदाचं."

केरबा गाडीसमोर जाऊन उभा राहिला. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली.

"गजानन करड्याच्या हातच्या पाइपात खोट नव्हती," तो मोठ्यानं म्हणाला. "कधीच नव्हती. मी त्याचं नाव वाईट केलं. चुकलं माझं."

एवढंच. पुढचं तो बोलला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. मी बारा वर्षं जे वाक्य मागत होतो ते शब्दाला शब्द मिळालं होतं, आणि पुढचं वाक्य माझं होतं. दहा माणसं समोर होती. मी हत्यारं पिशवीत भरली आणि निघालो. केरबाच्या अंगावरून जाताना तो हळूच म्हणाला, "वाटलंच व्हतं."

घरी माझ्याआधी बातमी पोचली होती. आईनं शिरा केला होता. अण्णांच्या फोटोला हार घातला होता.

"बोलला म्हणे मेला. सगळ्यांसमोर?"

"बोलला."

"काय म्हणाला? त्याच्या शब्दांत सांग."

"गजानन करड्याच्या हातच्या पाइपात खोट नव्हती."

तिनं डोळे मिटले. "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. तिच्या गालांवरून पाणी यायला लागलं. तिनं पदरानं पुसलं आणि फोटोकडे बघून म्हणाली, "ऐकलंत का?" मग माझ्याकडे वळली. "अजून एकदा सांग, विशा."

तिसऱ्यांदा मला सांगता येईना.

"आई," मी म्हणालो, "तो पाइप अण्णांच्या हातचा नव्हता."

सगळं सांगितलं. नट, अर्धं बोट, इचलकरंजीचं लग्न, डब्यातला तुकडा. माझं संपलं तेव्हा तिनं विचारलं, "यांना माहीत होतं?"

"होतं."

"आणि तुला?"

मी ताटाकडे बघत बसलो.

"मी त्याच्या दारात थुंकत होते तेव्हा तू शेजारी उभा असायचास," ती म्हणाली. "मला चल म्हणायचास. उन्हात थांबू नको म्हणायचास."

तिनं माझ्यासमोरचं ताट उचललं आणि आत नेलं.

दुसऱ्या दिवसापासून आई मंडईला सरळ रस्त्यानं जायला लागली, केरबाच्या गल्लीतून. पहिल्या दिवशी त्याच्या गॅरेजसमोर थांबली आणि पदर डोक्यावरून घेऊन तिनं नमस्कार केला, असं मला दुसऱ्यांकडून कळलं. त्यानं काय केलं ते कोणी सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात मी उद्यमनगरात दुकानोदुकान फिरलो आणि पाइप माझा होता म्हणून सांगितलं. काहींनी ऐकलं, काही म्हणाले, आता कशाला.

आई त्यानंतर नऊ वर्षं जगली. माझ्या हातचं जेवली, माझ्याकडून औषधं घेतली, नातवंडं खेळवली. माझ्या दुकानाची पायरी मात्र ती पुन्हा चढली नाही.